भिंतीतलं पत्र्याचं झाकण

आखातात, हूरा वस्तीतलं आमचं भाड्याचं घर जुनं, जाड भिंतींचं. आतल्या खोलीत छताच्या थोडं खाली भिंतीत पत्र्याचं एक गोल झाकण होतं, ताटलीएवढं. भिंतीला रंग दिला की त्यालाही लागायचा. झाकणाखाली एक तपकिरी डाग होता, कितीही रंग दिला तरी तो हट्टानं वर यायचा. आणि बरोबर त्याखाली, जमिनीवर, चौकोनभर फरशी वेगळीच. पंधरा वर्षं मी यातल्या एकाही गोष्टीचा विचार केला नाही. या देशात माणूस फक्त एसीचा विचार करतो. जानेवारीत झाकणाच्या कडेतून गार वारा यायचा, त्याला मात्र मी मनसोक्त शिव्या घालायचे.

माझी लेक बाळंत होऊन घरी आली ती जानेवारीतच. बाळंतिणीला शेक हवा म्हणजे हवा, त्यात मी कुणाचं ऐकत नाही. बाजारातून कोळसा आणला, लोखंडी शेगडी पेटवली, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा टाकला. शेगडी ठेवली त्या वेगळ्या फरशीवर, कारण ती जरा दणकट दिसत होती. खोली धुरीच्या वासानं भरली आणि मला आपण फार मोठं काम करतोय असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "मम्मा, माय हेड इज सो हेवी."

"वारा लागलाय तुला," मी जाहीर केलं. खुर्चीवर चढून जुन्या सुती साडीच्या चिंध्या झाकणाच्या कडेनं गच्च कोंबल्या. खिडक्या बंदच होत्या, दाराखाली टॉवेल सारला. दुसऱ्या दिवशी तिला मळमळायला लागलं, तेव्हा मी आणखी दोन निखारे घातले. बाळ नुसतं झोपून होतं. "इतकं शहाणं आहे, रडत म्हणून नाही," असं मी बहिणीला फोनवर कौतुकानं सांगितलं. ते वाक्य आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

त्याच सकाळी खालच्या मजल्यावरचे चाचा बाळाला बघायला आले. मूळचे रत्नागिरीचे, तरुणपणी याच घराच्या मालकाकडे कारकून होते आणि याच खोलीत राहिलेले. दार उघडून त्यांनी आधी शेगडी पाहिली, मग मान वर केली.

"हे भोक कोनी बुजवलंन?"

"मी. वारा येतो ना, चाचा."

"अगो बाय, कोळशाचा गॅस कोंडून मारशील पोरीला!" या माणसाचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. त्यांनी धडाधड खिडक्या उघडल्या, शेगडी फडक्यानं धरून गच्चीत नेली. मी बाळाला उचललं, लेकीला हाताला धरून बाहेर आणलं. तिचे पाय लटपटत होते. चाचांनी गाडी काढली.

वाटेत ते सांगत होते, बहुधा मी रडू नये म्हणून. "हितं घासलेटाची शेगडी होती, त्या फरशीवर. तिची नळी त्या भोकातनं भायेर जायची. डाग तिच्याच धुराचो. शेगडी गेली, भोकावर झाकण ठोकलान." मग थांबून म्हणाले, "तीन दिस तुला त्या फटीनंच सांभाळलंन, गो." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

हॉस्पिटलात दोघांना ऑक्सिजन लावला. मी बाकावर बसून ओढणीचं टोक पिळत होते. दुपारी डॉक्टरीणबाईंनी येऊन सांगितलं, दोघंही सुखरूप आहेत, वेळेवर आणलंत. मी त्या परक्या बाईचा हात धरला आणि सोडायलाच विसरले.

संध्याकाळी घरी सोडलं. दारातून बाहेर पडलो तर समुद्रावरून चांगलाच गार वारा सुटलेला. तो तोंडावर बसताच बाळानं अंग ताठ केलं आणि आख्खी पार्किंगची जागा दणाणून सोडली. येणारे-जाणारे वळून बघायला लागले. चाचा मिशीत हसले.

लेकीनं माझ्याकडे बघितलं. "मम्मा, टोपी? ही'ज कोल्ड."

टोपी माझ्या पिशवीतच होती.

"घालते," मी म्हणाले. "थोडं रडू दे आधी. मला ऐकू दे."