म्हशीमागची छत्री

डिचोलीच्या बाजारात दत्तप्रसादचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. पुढे फ्लेक्सचे बॅनर आले, रंगवून घेणारं कोणी उरलं नाही, आणि घासलेटात भिजणारे त्याचे ब्रश वाळून खडखडीत झाले. दुपार मात्र तशीच राहिली, लांबच लांब. त्या दुपारींसाठी पुतणी गौरवीने आपला जुना कॉम्प्युटर त्याच्या सर्वण गावातल्या घरी आणून ठेवला आणि त्यात फोटोंवर काम करायचं एक सॉफ्टवेअर घालून दिलं. "काका, हे फुकटचं," ती म्हणाली. "कोणी पैसे मागायला येणार नाही."

तेव्हापासून जेवण झालं की तो खिडकीशी बसे आणि गावच्या फुटबॉल टीमला घेऊन कुठच्या कुठे जाई. कापणी झालेल्या शेतात खेळणारी ही पोरं. त्यांतला एक दत्तप्रसादच्या चित्रात तेरेखोलच्या किल्ल्यावर पाय सोडून बसला आणि नदीत त्याने बूट धुतले. दुसरा मांद्र्याच्या समुद्रावरून बॉल हाकत गेला, पायाला पाणी न लागता. चवथीला गणपतीवर बांधतात त्या मातोळीत, केळी आणि सुपाऱ्यांच्या घोसांमध्ये, शिट्टी तोंडात धरलेला रेफरी टांगला गेला. पेपरात येणाऱ्या मोठ्या खेळाडूंना दत्तप्रसाद हात लावत नसे. ज्यांच्याबरोबर कधी पेज जेवलो नाही त्यांची थट्टा कशी करायची, असं त्याचं म्हणणं.

गौरवीने शिकवल्याप्रमाणे तो चित्रावर चित्र ठेवी, काचेवर काच ठेवावी तसं. प्रत्येक काचेच्या नावापुढे एक बारीक डोळा असे. डोळा मिटला की ती काच नाहीशी होई आणि खालचं जग जसंच्या तसं वर येई. काही दुपारी तो काहीच करत नसे, नुसते डोळे मिटत आणि उघडत बसे.

गोलकीपर कृष्णनाथ हा त्याचा जुना दोस्त. फायनलमध्ये त्याने आडवी उडी घेतली आणि बॉल बाजूने निघून गेला. तो नेमका क्षण दत्तप्रसादने फोनवर टिपला होता. घरी येऊन त्याने गोलच्या मागे एक म्हैस उभी केली. पडलेल्या कृष्णनाथकडे ती रवंथ करत, मोठ्या दयेने बघत होती. फोटो या फोनवरून त्या फोनवर फिरत पेडण्यापर्यंत पोचला. कृष्णनाथने दत्तप्रसादच्या दारावरून जाणं सोडलं.

पाऊस संपता संपता कृष्णनाथचे वडील सखाराम वारले. दत्तप्रसाद पोचवायला गेला, पण बोलणं झालं नाही. जवळजवळ वर्षाने कृष्णनाथ आपणहून आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"तो म्हशीचो फोटो आसा मरे तुझ्याकडे?"

"काढून टाकू?"

"तुझी ती म्हैस उभी आसा, थंय आमचो बाबा बसलेलो."

कॅमेरा दिसला की सखाराम पाठ फिरवून चालू लागत. मतदार कार्डावर फोटो होता, पण तो पाहून कृष्णनाथची आई सरस्वतीकाकी म्हणाली होती, "हो कोण?" वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि हार घालायला चेहरा नव्हता. मूळ फोटो होता तो फोन मातोळी बांधताना शिडीवरून पडून फुटलेला. गावभर फिरत होती ती नुसती म्हैस.

काचा सुट्या ठेवलेलं मूळ काम अजून आहे की जागा करायला पुसलं गेलं, दत्तप्रसादलाच ठाऊक नव्हतं. कृष्णनाथ आत येऊन कदेलावर, जुन्या लाकडी खुर्चीवर, बसला. कॉम्प्युटर सावकाश जागा झाला. तेरेखोलचा किल्ला आला, समुद्र आला, रेफरी आला, आणि शेवटी म्हैस. दत्तप्रसादने तिच्यापुढचा डोळा मिटला.

म्हैस विरून गेली. तिच्या जागी काळी छत्री, खाली खुर्ची, आणि खुर्चीतून अर्धे उठलेले सखाराम. तोंड उघडं, मान पुढे.

"गाळी घालता?" दत्तप्रसादने हळूच विचारलं.

"ना. ऊठ म्हणता," कृष्णनाथ म्हणाला.

म्हशीसकट आणि म्हशीविना, असे दोन्ही फोटो छापून त्यांनी सरस्वतीकाकीच्या मांडीवर ठेवले. तिने छत्रीवरून बोट फिरवलं.

"पुता, ह्या कृष्णाक काढ," ती दत्तप्रसादला म्हणाली.

"कित्याक गे?" कृष्णनाथ म्हणाला.

"हार घालतले मरे फोटोक. हाराभितर जितो मनीस कसो? आनी तसोय तू बॉल धरूंक नाय."

मग तिने दुसरा फोटो उचलला. "ही म्हैस कोणाची?"

"इंटरनेटवरची, काकी."

"जिती आसा?"

ते कोणालाच माहीत नव्हतं.

"आसूं दी," काकी म्हणाली. "तेंच्या कुशीक उभी कर."

सखारामांनी शेवटची म्हैस विकली त्यानंतरही कितीतरी सकाळी ते बादली घेऊन रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहत. मग आठवण झाली की बादली तशीच परत आणत.

दत्तप्रसादने म्हैस खुर्चीच्या शेजारी सरकवली. कृष्णनाथला पुसून तिथे त्याच शेतातली धसकटं लावली. श्राद्धाच्या दिवशी फोटो पाटावर मांडला तेव्हा कृष्णनाथ वाकून बघत राहिला. छत्रीच्या दांड्याशी कृष्णनाथच्या हातमोज्याची दोन बोटं उरली होती.

"काढू?" दत्तप्रसादने विचारलं.

"नाका. मायेक सांगूं नाका," कृष्णनाथ म्हणाला, आणि झेंडूचा हार त्याने बोटांवर येईल इतका बाजूला ओढला.