दहातले सहा शब्द

समोरचा माणूस दहा शब्द बोलला तर मला साधारण सहा ऐकू येतात. उरलेले चार मी भरतो. त्याचे ओठ, आधी चाललेला विषय, त्याची नेहमीची बोलण्याची तऱ्हा, यावरून अंदाज बांधायचा आणि वाक्य पुरं करायचं. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं. पण हे काम दिवसभर करायचं म्हणजे डोकं शिणून जातं. संध्याकाळी बोईसरच्या घरी पोचलो की बूट काढायचंही जिवावर येतं. बायको म्हणते, "कारखान्यात असे काय दगड फोडता?" दगड फोडत नाही. ऐकतो.

हा थकवा ऐकण्याचा आहे हे मला फार उशिरा कळलं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात काम करतो. पंपघर, कूलिंग टॉवर आणि कॉम्प्रेसर माझ्याकडे. जळगावाकडून इथे आलो तेव्हा पंचविशीत होतो, आता पन्नाशी ओलांडली. पंपघरात दोन माणसं बोलतात ती ओरडूनच. त्यामुळे कोणाचे कान किती शाबूत आहेत याचा तिथे पत्ता लागत नाही. सगळेच ओरडतात आणि सगळ्यांनाच ऐकू येतं.

घरात कोणी ओरडत नाही. शिवाय बायकोचा आवाज बारीक आहे. ती चिडली की तो मोठा होत नाही, आणखी बारीक होतो.

"त्या तुमच्या फिटरचं बोलणं बरं ऐकू येतं. फोनवर खिदळत होतात. मी काही विचारलं की मात्र आँ?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या हाताखालच्या त्या फिटरचा आवाज घोगरा, जाडाभरडा. तो मला लख्ख ऐकू येई. मला वाटायचं, ही मुद्दाम हळू बोलते. तिला वाटायचं, मी लक्ष देत नाही. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर तिसरं कारण सहसा कोणाला सुचत नाही.

एकदा ती गच्चीवर वाळत घातलेले पापड आणायला गेली. जाताना म्हणाली, "कुकर लावलाय. चार शिट्ट्या झाल्या की बंद करा." मोजायचं काम माझ्यावर सोपवलं की घरात कोणाला काळजी नसते. मी पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत बसलो. ती परत आली आणि दारातूनच धावत स्वयंपाकघरात गेली.

"किती झाल्या?"

"अजून एकही नाही."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "खालच्या वहिनी जिन्यात भेटल्या. विचारत होत्या, आज काय अख्खी म्हैस शिजवताय का? अकरा मोजल्या म्हणे त्यांनी."

डाळीचा कोळसा झाला होता. मी म्हटलं, दार लोटलेलं होतं, टीव्ही चालू होता. दोन्ही खरं होतं. पण वहिनींचं दारही लोटलेलंच असणार, आणि त्यांच्याकडचा टीव्ही आमच्यापेक्षा मोठ्याने चालतो.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी आणखी काही वर्षं रेटून नेली असती. पण पुढच्याच आठवड्यात एक नंबरच्या पंपापाशी तेच झालं.

पंपाचं बेअरिंग बिघडायला लागलं की सुरुवातीला बारीक, चिरका आवाज करतं. पंपाच्या घरघरीत तो नुसत्या कानाला कळत नाही. म्हणून लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागेवर टेकवायचं आणि मूठ कानाशी दाबून धरायची. आतलं सगळं कानात येतं. डॉक्टर छाती तपासतो तसंच हे. कानातले बोळे त्या वेळी काढावेच लागतात. माझ्या खात्यात हे काम माझं. मी "चालू दे" म्हटलं की पंप चालू राहतो. एक नंबरचा पंप, जिथे रसायनं शिजतात त्या रिअॅक्टरला थंड पाणी पुरवतो. तो अचानक बंद पडला आणि दुसरा लगेच चालू झाला नाही, तर आतलं तापमान चढत जातं. तिथे उभ्या असलेल्या माणसांना मग पळायला फारसा वेळ मिळत नाही.

त्या सकाळी मी स्क्रू ड्रायव्हर लावला, ऐकलं, आणि "चालू दे" म्हणालो.

फिटर माझ्या मागे होता. तो चिंचणीचा. आम्ही दोघं जवळजवळ एकाच वयाचे. जाता जाता त्याने बेअरिंगवर तळवा ठेवला आणि थांबला. माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन उजव्या कानाला लावला.

"साहेब, आत मांजर रडतंय."

"कुठे?"

"आवो कुठं काय? हितंच. ऐका."

मी परत ऐकलं. घरघर स्पष्ट होती. मांजर नव्हतं. तरी मी म्हटलं, उघडू. दुसरा पंप चालू करून हा उघडला. बेअरिंगच्या आतल्या कडीवर खड्डे पडले होते. फिटरने ते पुसलं आणि माझ्या हातात ठेवलं. एरवी हा माणूस कोणाच्या सायकलची चेन पडली तरी त्यावर अर्धा दिवस विनोद करतो. त्या दिवशी तो सरळ नवं बेअरिंग आणायला निघून गेला. त्याचंच मला जास्त लागलं.

घरी सांगितलं तेव्हा बायकोने कानांच्या डॉक्टरची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. खालच्या वहिनींच्या ओळखीने. आम्ही स्कूटरवरून पालघरला निघालो. ती मागे बसून बोलत होती. माझ्या डोक्यावर हेल्मेट, अंगावर वारा, बाजूने ट्रक. उमरोळीपर्यंत मी "हं, हं" करत राहिलो आणि पुढेही तसाच.

दवाखान्यातली डॉक्टर वयाने आमच्या मुलीएवढी असेल. तिने मला बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, आवाज आला की दाबायचं बटण हातात दिलं, आणि मग एक आलेख पुढे ठेवला. रेघ डावीकडून निम्म्यापर्यंत सरळ येत होती आणि तिथून कसाऱ्याच्या घाटासारखी खाली उतरत होती.

"जाडे आवाज तुम्हाला येतात. बारीक, वरच्या पट्टीतले गेलेत. इथे बघा, चार हजारांच्या पट्टीवर पासष्ट डेसिबल."

"किती असायला हवं?"

"पंचवीसच्या आत."

इतके दिवस 'ऐकू येत नाही', 'लक्ष नसतं', 'वय झालं' असंच चाललं होतं. आकड्यात पहिल्यांदाच कोणीतरी सांगितलं. पंचवीसच्या जागी पासष्ट. वाद घालायला जागा उरली नाही आणि तेवढ्यापुरतं मला बरंही वाटलं.

"परत येतील?"

"नाही काका. आहेत तेवढे सांभाळायचे. कारखान्याच्या आवाजातून बाहेर पडलात तर टिकतील. आणि कानाचं मशीन वापरा."

"ते बघू पुढे," मी म्हणालो.

"बघू काय?" बायको म्हणाली. "डॉक्टर, मशीन घालणार आहेत ते. येताना स्कूटरवर विचारलं मी. तीनदा हो म्हणाले."

डॉक्टर हसायला लागली.

मशीनचं काही नव्हतं. "आवाजातून बाहेर" हे तिचे शब्द मला खुपले. कारखान्यातली वार्षिक तपासणी आली होती आणि या वेळेपासून त्यात कानांचीही चाचणी होती. असा आलेख निघाला तर माणसाला पंपघरात ठेवत नाहीत, वर ऑफिसात टेबलाशी बसवतात. नोकरी जात नाही. पण पंपघर जातं. मला दुसरं काही फारसं येत नाही, आणि जे येतं त्यासाठी मला लोक बोलावतात. ते बोलावणं थांबणार होतं.

फिटरची चाचणी माझ्या एक दिवस आधी झाली. गेटाबाहेरच्या टपरीवर चहा घेताना त्याने सांगितलं, "घाबरू नका. माजा डावा कान कवाच गेलाय, तरी पास झालो."

"कसा काय?"

"काचंतून त्या बाईंचा हात दिसतो. ती बटन दाबते तवा बांगडी हलते. बांगडी हलली का आपुन आपलं बटन दाबायचं. कानाचं कामच नाय."

"आणि बेअरिंग?"

"त्याला मी हाय ना. उजवा कान झकास हाय. तुमचा नि माजा मिळून एक कान तरी धड हाय का नाय?"

"तू रजेवर असशील तेव्हा?"

"तवा मांजर पन रजेवर."

मी हसलो नाही तसा तो खाली बघायला लागला. मग म्हणाला, "तुमी गेलात तर तुमच्या जागी कोनीतरी नवा येल, लॅपटॉप घेऊन. त्याला मी काय सांगू? मांजर रडतंय म्हनून सांगू?"

घरी येऊन मी हिशोब घातला. होळीला तो गावी असतो. गणपतीत असतो. लग्नसराईत त्याच्या भाऊबंदांची रांग लागते. शिवाय दुसरी पाळी आणि आजारपण. ते सगळे दिवस एक नंबरचा पंप माझ्या एकट्याच्या कानावर चालणार होता. कसंही मांडलं तरी बेरीज शून्यावर येईना.

चाचणीची गाडी वजनकाट्याजवळ उभी होती. आत एक छोटी बंद खोली, तिला काच, काचेपलीकडे यंत्रासमोर बाई. तिच्या हातात खरंच हिरव्या बांगड्या होत्या. मी बटण हातात घेतलं. पहिला आवाज जाडा होता, तो आला. दुसरा आला. मग काही येईना. बांगड्या हलल्या. माझा अंगठा बटणावर होता. परत हलल्या. डोळ्यांना दिसतंय ते हाताला न कळवणं किती अवघड असतं, हे मी तिथे शिकलो. शेवटी मी स्टुलावर फिरलो आणि भिंतीकडे तोंड करून बसलो.

काचेवर टकटक झाली. तिने दार उघडलं. "काका, बटण चालत नाहीये का?"

"चालतंय. तुमचं होऊ द्या."

पुढचा बराच वेळ मी समोरच्या पांढऱ्या पत्र्याकडे बघत होतो. अधूनमधून काहीतरी आलं तेव्हा दाबलं. बाकी नुसतं बसून राहिलो. त्या बसण्यात अंदाज बांधायचा नव्हता, म्हणून की काय, बाहेर आलो तेव्हा रोजच्याइतका दमलेलो नव्हतो.

मॅनेजर माझ्याहून लहान आहे, स्वभावाने चांगला. त्याने आलेख पाहिला आणि म्हणाला, वर प्लॅनिंगला या, बसून काम आहे, तुमचा अनुभव वाया जाणार नाही. निदान मी तरी वाक्य असं भरलं. मी एकच मागितलं. पंपाची थरथर मोजून आकडा दाखवणारं यंत्र येतं, ते पंपघरासाठी घ्या. कोणाच्या कानावर पंप सोडू नका. माझ्या नको आणि दुसऱ्याच्याही नको.

यंत्र यायला वेळ लागला. तोवर मी खालीच होतो, पण "चालू दे" म्हणायचं काम फिटरकडे दिलं होतं. यंत्र आल्यावर आम्ही दोघं सगळ्या पंपांवरून फिरलो. तो आधी स्क्रू ड्रायव्हर लावून ऐके आणि बोटाने ठीक असल्याची खूण करी. मग मी यंत्र टेकवून आकडा घेई आणि बेअरिंगशेजारी पांढऱ्या रंगाने लिही. एक नंबरवर दोन पॉइंट एक आलं; साडेचारच्या वर गेलं की पंप उघडायचा. फिटर माझ्या कानाशी येऊन ओरडला, "म्हंजे आता मांजर आकड्यात रडनार!"

वर येऊन आता दोनेक महिने झाले. मला वाटलं होतं, शांत जागेत सोपं जाईल. पण शांत खोलीत माणसं हळू बोलतात, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मशीन घातलं की दहातले आठ शब्द येतात. त्यांच्याबरोबर कागदाची सळसळ, एसी, पलीकडच्या टेबलावरचं हिंदी, कोणाच्या चपलेचा घासण्याचा आवाज, सगळंच येतं. त्यातून आठ वेचून काढायचे. दमणूक तेवढीच आहे, फक्त जात वेगळी. बायकोशी भांडण कमी झालं. ती म्हणते, आता तुमचं लक्ष नसतं तेव्हा तरी खात्रीने कळतं.

परवा जेवणानंतर ऑफिसच्या दारात फिटर उभा राहिला. दोन जिने चढून आला होता. चौकटीला धरून धापा टाकत होता.

"एक नंबर. चार पॉइंट आठ."

"फोन करायचास."

"केला होता. तुमी नुसतं हूं हूं केलंत नि ठेवलात."

"दोन नंबर चालू कर आणि हा बंद कर."

"करूनच आलो. तुमाला सांगायला आलो नुसतं." तो माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला आणि गुडघा चोळायला लागला. "तुमच्या कानापायी माजे गुडघे जायचे एक दिवस."

आजूबाजूच्या दोघांनी मान वर करून पाहिलं, कारण तो पंपघरातल्यासारखाच ओरडून बोलत होता. मी त्याला आवाज कमी कर म्हटलं नाही. माझी पाण्याची बाटली त्याच्यापुढे सरकवली. तो पाणी प्यायला. परत दोन जिने उतरायचे होते, म्हणून थोडा वेळ तसाच बसून राहिला.