राजाची शिल्लक उडी

कारंजा डेपोतल्या देवमन कंडक्टरला जन्मात एकच गोष्ट हवी होती. इंदरचंद शेटना बुद्धिबळात एकदा तरी मात द्यायची. पगार सुरू होता, इंझोरीला दोन खोल्यांचं घर होतं, भागिरथासारखी शहाणी बायको होती. पण मन कुठं अडकून बसेल ते काय सांगावं? देवमनचं चौसष्ट घरांत अडकलं होतं.

खेळ त्याला शेटनीच शिकवला. एकाहत्तर साली देवमन संध्याकाळी शेलूबाजारची गाडी आणायचा आणि शेवटच्या फेरीपर्यंत दीड तास रिकामा असायचा. डेपोसमोर शेटचं कापडाचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की ते पट मांडून दोन्ही बाजूंनी एकटेच खेळत. देवमन उभा राहून बघू लागला, तसे शेट म्हणाले, "पाय दुखतीन. बस." शेट ओट्यावर, देवमन खालच्या पायरीवर आणि पट ओट्याच्या काठावर, अशी मांडणी ठरून गेली. ती कुणी ठरवली, हे दोघांनीही कधी विचारलं नाही.

शेट जुन्या चालीचे. प्याद्यानं एकच घर चालायचं, किल्लेकोट करायचा नाही, आणि राजाला एकदाही शह लागला नसेल तर त्याला डावात एक उडी, घोड्यासारखी, अडीच घरांची. 'मारलं' हा शब्द त्यांच्या ओट्यावर चालत नसे. ज्यांच्या घरात भाजीसुद्धा 'कापली' म्हणत नाहीत, 'सुधारली' म्हणतात, ते घोडा बरा मारू देतील. "मारलं म्हनू नको रे, उचललं म्हन," ते सांगत. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा जैन धर्माचा नेम. उन्हं उतरली की डाव कुठंही असो, शेट उठत. दुसऱ्या दिवशी नवा डाव.

पाच वर्षं देवमन हरत राहिला. मध्ये अकोल्याहून त्यानं नव्या नियमांचं एक पुस्तक आणलं आणि सोबत खेळायला कुणी हवं म्हणून भागिरथाला शिकवलं. चौथी शिकलेली भागिरथा पुस्तकातल्या चाली वाचून दाखवी, आणि बाजाराच्या दिवशी शेटच्या ओट्याशी उभी राहून जुना खेळही बघून घेई. वर्षभरात ती नवऱ्याला हरवू लागली. मग हरायची वेळ आली की देवमनला नेमकी चुलीवरची भाकर करपताना दिसायची आणि डाव तिथंच मोडायचा. पण पुस्तकानं तो खरंच सुधारला. शेटशी खेळायचा जुन्या नियमांनी, विचार मात्र पुस्तकाच्या नियमांनी करायचा. ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

शहात्तरच्या दिवाळीआधीच्या बाजाराला तो डेपोत सांगूनच निघाला, आज शेटना पाडतो. पाच-सहा ड्रायव्हर गोळा झाले. भागिरथाही पिशवी घेऊन उभी होती. डाव रंगला आणि शेटचा राजा कडेला कोंडला गेला. चाल शेटची होती, पण काहीही चालले तरी दोन चालींत मात, हे देवमननं तीनदा मोजलं. शेट कितीतरी वेळ पटाकडे बघत राहिले. एकदा त्यांनी मान वर करून भागिरथाकडे पाहिलं. मग उठले.

"चला, जेवनाची येळ झाली."

दुकानाच्या पत्र्यावर ऊन अजून होतं. देवमनचं डोकं फिरलं. "पाच वर्सं पाहून राह्यलो, शेटजी. हरायची येळ आली का तुमचा दिवस बुडते. धरम तुमच्या बरा कामी येते."

शेटनी मोहरे पिशवीत भरले आणि म्हणाले, "उद्या ये."

देवमन गेला नाही. त्यानं फेरीच बदलून घेतली. शेट मैदान सोडून पळाले, हे वर्षभर डेपोत रंगवून सांगितलं.

सत्त्याहत्तरच्या भाद्रपदात ग्यानबा ड्रायव्हरनं निरोप आणला. "शेट तुले क्षमा मांगून राह्यले. भेटून जा म्हने."

पर्युषण झालं की जैन मंडळी दरवर्षी सगळ्यांची क्षमा मागतात. देवमनला वाटलं, तेच. तो म्हणाला, "त्याइले सांग, क्षमा मंग मांगा, आधी माहा डाव पुरा करा." ग्यानबानं तो निरोप जसाच्या तसा पोचवला.

पाचव्या दिवशी डेपोत कळलं, शेटनी सल्लेखना घेतली आहे, उपासानं देह ठेवायचं व्रत. अन्न केव्हाच सोडलं होतं, आता पाणीही सोडलं. देवमन तसाच धावला.

शेटच्या मुलानं, पदमचंदनं, त्याला आत नेलं. ओट्याच्या पलीकडे देवमन पहिल्यांदाच गेला. चटईवर शेटच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या, डोळे मिटलेले. बायका हळू आवाजात मंत्र म्हणत होत्या. उशाशी पाटावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता.

"तुमचा निरोप आला तवा बाबा बोलत होते," पदमचंद म्हणाला. "त्याइनं पट मांगतला. एकेक मोहरा आठवून मांडला. कोनाले हात लावू देल्ला नाई. मंग मौन घेतलं. समदा मोह सोडायच्या वक्ती तुमी त्याइले लाकडात गुतवलं."

देवमन खाली बसला. तोच डाव होता, एक प्यादंसुद्धा इकडचं तिकडं नव्हतं. त्यानं पुन्हा मोजलं, आणि मग त्याला दिसलं. त्या डावात शेटच्या राजाला एकदाही शह लागला नव्हता. त्याची उडी शिल्लक होती. राजा उडाला की मागचा हत्ती मोकळा, आणि त्या हत्तीपुढं देवमनचा राजा कोंडलेला. एकाच चालीत मात. चार लोकांसमोर, बायकोसमोर.

त्यानं शेटचा राजा उचलून अडीच घरांवर ठेवला. स्वतःचा आडवा केला.

"झाला पुरा?" पदमचंदनं विचारलं.

"झाला. शेटजी जितले," देवमन उशाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला. शेटचे डोळे उघडले नाहीत.

घरी येऊन त्यानं भागिरथाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"मले दिसली होती ते उडी. शेटनं माह्याकडं पाह्यलं अन् मान हालवली. सांगू नको म्हनून."

देवमनला लाज वाटली. इतकी की तिच्याकडे बघवेना.

"क्षमा मांगतली ना त्याइची?" तिनं विचारलं.

"डाव पुरा केला."

"मी डावाचं नाई इचारून राह्यली."

सकाळच्या पहिल्या गाडीनं तो कारंजाला गेला. दुकानाच्या फळ्या लावलेल्या होत्या, शेटना नेलं होतं आणि ओटा नुकताच धुतलेला होता.