कवेलूवरची चाल

नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात औषधांचे खोके उघडत होते. इतवाऱ्यातलं आमचं मेडिकल स्टोअर मीच चालवते. "अक्का उठत नाहीये," एवढंच ते म्हणाले. मी शटर ओढलं, रिक्षा केली आणि लालबागला घरी पोचेपर्यंत कोणत्या डॉक्टरांना बोलवायचं याचाच विचार करत होते. डॉक्टरांची गरज उरली नव्हती. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या तशाच गेल्या... नखांत सकाळची माती होती.

याला आता पाच आठवडे झाले.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. त्यांचे यजमान कागद कारखान्यात होते. ते गेल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही अक्कांना आमच्याकडे आणलं. टेम्पोतून एक कपाट, एक पलंग आणि दोन जड पोती उतरली. "यात काय आहे?" मी विचारलं. "खत आहे माय. क्वार्टरच्या बागेतलं." मी नवऱ्याकडे बघितलं, त्यांनी आभाळाकडे बघितलं. अक्कांनी दुसऱ्याच दिवशी परसात खड्डा खणवून ते खत त्यात ओतलं आणि घरातला भाजीचा कचरा वर टाकायला लागल्या.

त्या शाहपूरला मावसबहिणीकडे गेल्या होत्या तेव्हाची गोष्ट. वांग्याच्या रोपांसाठी खत हवं म्हणून मी खड्डा उकरला, तर आत अंगठ्याएवढे पांढरे, लठ्ठ, वेटोळं करून पडलेले किडे. एक नाही, ढिगानं. माझं माहेर शेतकऱ्याचं. हुमणी मुळं कुरतडते आणि उभं पीक पिवळं पडतं, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे कोणाला कशाला विचारायचं? कीडनाशक पाण्यात कालवलं, सगळा खड्डा भिजवला आणि हात धुऊन स्वयंपाकाला लागले. अक्का आल्यावर मीच फुशारकीनं सांगितलं. त्या खड्ड्याशी उकिडव्या बसल्या. मेलेले किडे बोटानं उलटेसुलटे करत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "हे तर आपले होते वं सुनंदे," त्या म्हणाल्या, "क्वार्टरहून आले होते माझ्यासंगं."

मग कोपऱ्यातल्या कोरड्या मातीत एक जिवंत सापडला. तो त्यांनी छपराच्या एका फुटक्या कवेलूवर ठेवला. "तुझ्या दुकानात सगळ्याला औषध आहे, पण आधी बीमार कोण ते तर पाह्य." किड्यानं जरा वेळ अंग आवळलं, मग पाठीवर उलटला आणि पाय वर करून तसाच चालायला लागला. मी हे आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. हुमणी अशी चालत नाही, ती कुशीवर पडून पायांनी सरपटते, हे अक्कांनी सांगितलं. हा पाठीवर चालणारा जिवंत मुळाच्या वाटेला जात नाही, कुजका कचरा खातो आणि त्याचं खत करतो. "तोंडावर जाऊ नको. दोघं सारखेच दिसतात. चाल पाह्य." त्याचं नाव त्यांनी 'उताणा' ठेवलं होतं.

खड्डा रिकामा करून पुन्हा भरावा लागला. मी माफी मागितली नाही. चुकलं तर दुरुस्त करावं, बोलत बसू नये, अशी माझी रीत. पण त्यानंतर खुरप्याला किडा लागला की मी तो कवेलूवर ठेवत असे आणि अक्कांना हाक मारत असे. अक्कांनी तेच माफी म्हणून धरलं असावं, असं मी मानून चालले. मग अक्कांचा मोतीबिंदू वाढला आणि हाका उलट्या दिशेनं यायला लागल्या. माती त्या उकरायच्या, बघायचं मी. "कसा चालून राहिला?" "उताणा." "मग सोड त्याले खड्ड्यात." हुमणी निघाली तर ती कोंबडीवाल्या शेजारणीकडे जायची.

त्या गेल्या त्या दिवशी सकाळीही हाक आली. "सुनंदे, एवढं बघून दे ना." मी चपला घातल्या होत्या, दुकानात माल यायचा होता. "संध्याकाळी बघते, अक्का. डब्यात ठेवा." "संध्याकाळी तर संध्याकाळी. तो काय पळून जातो का?" त्या हसल्या. बघायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. मी हिशेबी बाई आहे, पण या दोन मिनिटांचं काय करायचं ते मला कळत नाही...

तेराव्यानंतर परस झाडताना नळाजवळ श्रीखंडाचा डबा दिसला. झाकणाला भोकं पाडलेली, आत ओलसर खतमाती, वर काळी पडलेली केळीची साल. किड्याला आठवडे काढावे लागतील असं वाटून नाही, संध्याकाळपर्यंत तो उपाशी राहू नये म्हणून अक्कांनी घातली असणार. किडा जिवंत होता. मी कवेलू सावलीत ओढलं, त्यावर तो ठेवला आणि वाकून बघायला लागले. किडा हलला एवढं कळलं, पुढचं काही दिसेना. पदरानं डोळे पुसले, तरी दिसेना.

"अहो, जरा इकडे या," मी नवऱ्याला हाक मारली. "कसा चालतोय तेवढं सांगा. मला दिसत नाहीये."

ते माझ्या शेजारी उकिडवे बसले. कवेलूवर वाकून बघत राहिले.

"पाठीवर," ते म्हणाले.

मी त्याला खड्ड्यात सोडलं. कवेलू तिथंच आहे, नळाजवळ. झाडताना मी ते उचलते, खालचं झाडते आणि परत जागच्या जागी ठेवते.