तिकीट काढलं की उघडणारी घरं

पोलंडला जायचं होतं आमच्या शेजारणीला, आणि गेले मी. अजूनही कोणी तिथले फोटो दाखव म्हटलं की माझं डोकं फिरतं. फोटो काढायला मी गेलेच नव्हते.

शेजारीण ऐंशीच्या पुढची. युद्धानंतर आईचं बोट धरून इंग्लंडमध्ये आली, पत्र्याच्या छावणीत वाढली आणि कॉव्हेंट्रीतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करून रिटायर झाली. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. मी नागपूरची, इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत म्हातारी झालेली. आमच्या दोन बागांच्या मधलं कुंपण मोडकं होतं. ते आम्ही मुद्दाम दुरुस्त केलं नाही, कारण मग एकमेकींकडे जायला समोरच्या दाराने, चांगले कपडे घालून जावं लागलं असतं.

दोघी मिळून लायब्ररीतल्या रीडिंग ग्रुपला जायचो. मी पुस्तकांसाठी, ती बिस्किटांसाठी. पुस्तक तिचं अर्ध्यात सुटलेलं असायचं, मत मात्र पूर्ण असायचं. तिथेच एकदा सहलीची घोषणा झाली. ज्या पोलिश माणसांना नोबेल मिळालं त्यांची गावं, घरं, थडगी पाहायची, पोलंडमधली चार शहरं फिरायची. सगळ्यांत आधी हिने नाव दिलं. मी तिला घरी येताना चिडवलं, की आयुष्यात कधी पोलंडला गेली नाहीस, त्यांतल्या एकाचंही पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नाहीस, मग हे काय डोहाळे लागले? ती हसली नाही.

“माझ्या माणसांचं तिथे एकही घर उरलेलं नाही,” ती म्हणाली. “कुणाच्या दारात जाऊन उभी राहू? या मोठ्या लोकांची घरं बरी. तिकीट काढलं की उघडतात.”

आम्ही मिडलंड्समधली बौद्ध मंडळीसुद्धा दरवर्षी कोच करून लंडनमधलं एक घर पाहायला जातो. कोणाचं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. आमच्यातल्या बायका त्या घराच्या पायऱ्या माहेरी आल्यासारख्या चढतात. पुस्तकं सगळ्यांनी वाचलेली असतात असं नाही, पण ते घर आपलं आहे याबद्दल कोणाला शंका नसते. दुसऱ्या दिवशी मीही सहलीला नाव दिलं.

उन्हाळा संपता संपता ती वाळायला लागली. आधी जी.पी., म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, त्याच्याकडून हॉस्पिटल, हॉस्पिटलमधून रिपोर्ट. तो तिने कुंपणावरून माझ्या हातात दिला. असले कागद मी जन्मभर पाहिले होते, दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. विमानप्रवास बंद म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. मीही जाणार नाही म्हटलं, तर ती अशी भडकली की मला वाटलं हिला बरं वाटतंय. दोघी घरी बसल्या तर बघणार कोण, असं तिचं म्हणणं. कार्डिफहून माझ्या मुलीचा फोन आला, “आई, तुझा ट्रिप कॅन्सल कर ना, ती एकटा कशी राहील?” मुलीचं व्याकरण तिकडेच वाढलेलं आहे, काळीज मात्र जागेवर आहे. पण शेजारणीपुढे आम्हा दोघींचंही चाललं नाही. ठरलं असं, की मी जायचं, रोज संध्याकाळी तिला फोन करायचा आणि जे पाहिलं ते सगळं सांगायचं. तिची पुतणी नॉटिंगहॅमहून राहायला येणार होती. मी परत येईपर्यंत थांब, एवढं मी तिला बजावलं. तिने पाहू म्हटलं.

तोवर तिचा पलंग खालच्या खोलीत खिडकीशी आणला होता. आमच्याकडे घरात कोणी आजारी असलं की बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून वंदना घेतात. तिच्या भिंतीवर क्रूस होता, तिथे मूर्ती नेऊन ठेवणं मला प्रशस्त वाटेना. निदान मेणबत्ती तरी लावू म्हणून मी मोठ्या रस्त्यावरच्या पोलिश दुकानात गेले. ऑक्टोबर होता. दाराशीच लाल काचेच्या दिव्यांचा ढीग, त्यांना सोनेरी झाकणं, झाकणाला भोकं. यांचीही दिवाळी जवळ आलेली दिसते, असं मला वाटलं. सगळ्यांत मोठा दिवा निवडून आणला, तिच्या खिडकीत लावला आणि बाजूला बसून त्रिसरण, पंचशील म्हटलं. ती त्या दिव्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, सुंदर आहे, विझवू नकोस. माझा जीव भांड्यात पडला.

पहिलं शहर ग्दान्स्क. तिथे जहाजांच्या कारखान्याचं फाटक दाखवलं, जिथे एक कामगार पुढारी उभा राहिला आणि पुढे शांततेच्या नोबेलचा मानकरी झाला. मी फोनवर त्याचं सगळं सांगायला लागले, तर हिने विचारलं, फाटकासमोर चहा कुठे मिळतो? जिन्यांना वास कसला येतो? कबुतरं आहेत का? गाइडकडून टिपून घेतलेलं माझं सगळं वाया गेलं. दुसऱ्या दिवसापासून मी गाइडचं ऐकणं सोडलं आणि जिन्यांचे वास घ्यायला लागले.

वॉर्सात एका शास्त्रज्ञ बाईचं जन्मघर पाहिलं. खाली दगडी फरशी, वर काचेच्या कपाटांत तिच्या वस्तू. गाइड म्हणाली, युद्धात हा सगळा भाग जमीनदोस्त झाला होता, मग जुनी चित्रं समोर ठेवून पुन्हा उभा केला. हे सांगू की नको असं मला झालं. शेवटी संध्याकाळी सांगून टाकलं, की घर खरं नाही, नव्याने बांधलेलं आहे.

“पायऱ्या होत्या ना?” तिने विचारलं.

मी होत्या म्हटलं.

“मग झालं. कॉव्हेंट्रीही युद्धात बॉम्बनी पाडलंच होतं. आपण तरी कशात राहतोय?”

क्राकूव्हमध्ये आम्हाला एका कवयित्रीच्या थडग्यापाशी नेलं. साधं थडगं, आईबापांच्या शेजारी. पण मला ते धड दिसलंच नाही. सगळं कबरस्तान लाल काचेच्या दिव्यांनी भरलं होतं. तेच सोनेरी झाकण, तीच भोकं. लोक पिशव्या भरभरून दिवे आणत होते, थडगी पुसत होते. मृतांचा सण दोन दिवसांवर आला होता. मी गाइडला विचारलं, हा दिवा घरातही लावतात का? ती म्हणाली, छे, हा फक्त मेलेल्यांसाठी. जिवंत माणसाच्या उशाशी मी थडग्यावरचा दिवा लावून आले होते, आणि वर आयुरारोग्य मागून आले होते.

त्या संध्याकाळी फोन लावला. मी काही बोलायच्या आत रडूच फुटलं. कसंबसं सांगितलं तर पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुतणीने तो दिवा उचलून फेकायला घेतला, तर तिला हिने झापलं होतं.

“माझा बाप कुठे पुरलाय ते माझ्या आईलासुद्धा कळलं नाही,” ती म्हणाली. “त्याच्यासाठी कधीच कोणी दिवा लावला नव्हता. तू लावलास. राहू दे तो.”

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी तसाच दिवा घेतला. कबरस्तानाच्या कडेला एक थडगं होतं, अक्षरं पुसलेलं, ज्याच्याकडे कोणी येत नव्हतं. त्यावर तो लावला. हे संध्याकाळी तिला सांगायचं म्हणून दिवसभर मनात जपून ठेवलं.

शेवटचं शहर व्रोत्सवाफ. तिथे फोन पुतणीने उचलला. हिला हॉस्पिटलमध्ये हलवलं होतं, बोलणं जवळजवळ थांबलं होतं. त्या शहरात एका हयात लेखिकेबद्दल बरंच दाखवलं म्हणतात. मला नदी आठवते, आणि ट्रामच्या थांब्यावर उभी राहून मी कोणाशी तरी तिकिटावरून भांडले ते आठवतं. बाकी कोरं.

बर्मिंगहॅम एअरपोर्टवरून मी बॅगेसकट सरळ वॉर्डात गेले. तिने डोळे उघडले. मला ओळखलं. ओठ हलले, पण आवाज नव्हता. काय विचारतेय ते मला कळलं. चौथं शहर राहिलं होतं.

आता काय सांगू? वासही घेतला नव्हता मी तिथे. मी रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणी आईने ते अंगणात बसवून पाठ करून घेतलं होतं, तेव्हापासून एक दिवस चुकवलेलं नाही. खुर्ची ओढली, तिचा हात हातात घेतला आणि सुरुवात केली.

शेवटच्या दिवशी सगळ्यांपासून चुकले, म्हटलं. एक जुनी गल्ली लागली. लाकडी जिना, मधल्या दोन पायऱ्या करकरणाऱ्या. खालच्या मजल्यावर बिटाचं सूप उकळत होतं, वर कोणीतरी खसखशीचा केक भाजत होतं. खिडकीत कबुतरं. मी नुसती बघत उभी होते तर दार उघडलं. तिकीट नाही, काही नाही. म्हातारी बाई होती, हाताला पीठ लागलेलं. मी कॉव्हेंट्रीहून आले म्हटल्यावर तिने तुझंच नाव घेतलं.

तिच्या बोटांनी माझा हात धरला. इतका वेळ ती बोटं नुसती पडून होती. ओठ पुन्हा हलले.

“काय म्हणाली?” मीच तिच्या वतीने विचारलं, आणि मीच उत्तर दिलं. “म्हणाली, किती उशीर केला या पोरीने. तिला सांग, दार उघडंच आहे.”

पहाटे ती गेली. घरी येऊन मी आंघोळ केली, मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि पंचशील म्हणायला बसले. चौथं शील आलं. तेही म्हटलं, मोठ्याने. मग मोडक्या कुंपणातून पलीकडे गेले आणि खिडकीतल्या दिव्यात नवी मेणबत्ती घातली.