त्या खोलीवाल्याला सोडलं का?

माझे सासरे पोलिसात जमादार होते. निवृत्त झाल्यावर बेंबळीला शेतात रमले. पुढं काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, त्याच वर्षी सासूबाई गेल्या, आणि आम्ही त्यांना धाराशिवला आमच्याकडं आणलं. मी त्यांना मामा म्हणते. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण 'मामा, चहा ठेवलाय' आणि 'बरं' याच्यापलीकडं आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. जमादाराचा दरारा घरातही होता. सासूबाईसुद्धा त्यांच्याशी दाराच्या चौकटीत उभ्या राहूनच बोलायच्या.

आता ते दिवसभर पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून असत. टीव्ही लावला की चिडायचे. "नुसती वरडायलेत. करायलेत काय ते कळंना."

मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. दरवर्षी जुनी, फाटकी पुस्तकं रजिस्टरमधून कमी करतात. त्यातलंच एक मी घरी आणलं होतं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली काही पानंही गेलेली, त्यामुळं नाव कळायला मार्ग नव्हता. एका संध्याकाळी मेथीची जुडी घेऊन मी मामांच्या खोलीत निवडायला बसले आणि धीर करून विचारलं,

"मामा, गोष्ट वाचून दाखवू का? खुनाची आहे."

"कुठल्या ठाण्याची?"

"ठाण्याची नाही. जहाजावर होतो खून."

मामांनी मान वर केली. "जहाजावर हद्द कुणाची?"

पुढं कळेल म्हटलं आणि वाचायला लागले. त्या दिवशी मेथीची भाजी काही झाली नाही.

गोष्ट अशी होती. मुंबईहून कोलंबोला श्रीमंत लोकांना घेऊन एक जहाज निघतं. नाचगाणी, मेजवान्या, पत्त्यांचे डाव. तिसऱ्या दिवशी सकाळी एका जवाहिऱ्याची म्हातारी विधवा आपल्या खोलीत मरून पडलेली सापडते आणि तिची माणकांची पेटी नाहीशी झालेली असते. दाराला बाहेरून कुलूप. चाव्या दोनच. एक तिच्या उशाखाली, दुसरी खोल्या झाडणाऱ्या नोकराजवळ. हा नोकर कोकणातला, पन्नाशीचा. पुस्तकात त्याला नाव नव्हतं. सगळे त्याला 'खोलीवाला' म्हणत. कप्तान त्याला पकडून खाली इंजिनाजवळच्या कोठडीत कोंडतो. प्रवाशांत एक म्हातारे वकील असतात, ते म्हणतात, घाई करू नका, मला शोध घेऊ द्या.

मामांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. जहाज केवढं असतं, त्यांनी विचारलं. आपल्या बसस्टँडएवढं? मी म्हटलं, त्याहून मोठं, आणि तीन-चार मजले. त्यांना ते मनात बसवता येईना. मग मी परातीत आगपेट्या मांडल्या. ही म्हातारीची खोली, ही तिच्या पुतण्याची, हा जिना, इथं जेवणाचं दालन. मामा बोटांनी एकेक आगपेटी चाचपायचे आणि म्हणायचे, "हां. आता वाच." रोज संध्याकाळी परात निघायची. माझा नवरा कामावरून आला की दारातूनच बघून हसायचा. त्याच्या वडिलांनी त्याच्याबरोबर कधी असं काही मांडलं नव्हतं.

खुनी कोण, हे मामांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

"खोलीवाला. चावी त्याच्याजवळ. दुसरं कोण आसंल?"

"पण मामा, इतकं सोपं असतं तर एवढं जाड पुस्तक कशाला लिहिलं असतं?"

"ल्ह्याणारा काय, ल्हितोय. म्या तीस वर्षं हेच केलंय."

बावीस दिवस पुस्तक चाललं. शेवटच्या प्रकरणात वकीलसाहेब सगळ्यांना जेवणाच्या दालनात जमवतात आणि एकेक गोष्ट उलगडतात. खून पुतण्यानं केलेला असतो. मुंबईतच त्यानं चावीचा मेणावर ठसा घेऊन तिसरी चावी करून घेतलेली असते. पुतण्याला बेड्या पडतात, लोक टाळ्या वाजवतात, कप्तान वकीलसाहेबांना मेजवानी देतो, लांब कोलंबोचे दिवे दिसायला लागतात. समाप्त.

मी पुस्तक मिटलं. मला वाटलं, आपलं चुकलं म्हणून मामा ओशाळतील, नाहीतर पुस्तकालाच नावं ठेवतील. ते म्हणाले,

"त्या खोलीवाल्याला सोडलं का न्हाय?"

"सोडलंच असेल की."

"आसंल न्हाय. ल्हिलंय का, बघ."

मी शेवटची दहा पानं पुन्हा चाळली. मग त्याच्या मागची वीस. कोठडीचं दार कुणी उघडलं, त्याला कुणी काही सांगितलं, कप्तानानं माफी मागितली, काहीच नव्हतं. सहा प्रकरणं माणूस खाली कोंडलेला होता, आणि खरा खुनी सापडल्यावर त्याची आठवण कुणालाच राहिली नव्हती. मलाही राहिली नव्हती.

"लिहायचं राहून गेलं वाटतं," मी म्हणाले.

"व्हय. ऱ्हाऊनच जातंय ते," मामा म्हणाले आणि उठून भिंतीला धरत आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी नवं पुस्तक आणलं होतं, ते त्यांनी उघडू दिलं नाही. "बस हितं," म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या पोटच्या पोरालाही ठाऊक नव्हतं.

मामा तरुण होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्या ठाण्याच्या हद्दीत एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरातून पाटल्या आणि मोहनमाळ गेली. कोठीच्या खोलीची चावी सालगड्याजवळ असायची. हा माणूस जळकोटचा, वर्षाच्या बोलीवर राहिलेला, नऊ वर्षं त्याच घरी राबलेला. साहेबांनी त्याला उचलायला सांगितलं, मामांनी उचलून आणला.

"मारलं त्याला?" मी विचारलं.

"सायबानं मारलं. म्या धरलं हुतं." मग म्हणाले, "कबुलीचा कागद म्या लिवला. अंगठा त्याचा, पर बोट धरून म्या उठवला."

पाचव्या दिवशी त्या घरी ज्वारीची कणगी रिकामी केली, तर तळाशी फडक्यात बांधलेले दागिने निघाले. मालकाच्या म्हाताऱ्या आईनं चोरांच्या भीतीनं स्वतःच ठेवले होते आणि विसरली होती. मालक ठाण्यात येऊन साहेबांजवळ बसला. कागद फाडला गेला. अटक कुठं दाखवलेलीच नव्हती, त्यामुळं सोडल्याचीही नोंद करायची गरज पडली नाही. मामांनी मागचं दार उघडून सालगड्याला जा म्हणून सांगितलं.

"त्यानं इचारलं, सायेब, सापडलं का वो? म्या म्हनलं, तुला काय करायचंय? जा म्हनलं की जायाचं. सांगितलं न्हाय म्या त्याला. दोन शब्दाचं काम हुतं."

"तो आता कुठं असेल?"

"जित्ता आसंल तर जळकोटात."

आमच्या कॉलेजात जळकोटची एक मुलगी शिकते. मामांना नाव पाठ होतं, ते मी तिला सांगितलं. चार दिवसांनी ती म्हणाली, "मॅडम, ते आजोबा आमच्या गल्लीच्या मागंच राहतात. तब्येत चांगली आहे."

रविवारी आम्ही उमरग्याची एसटी धरली. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तुळजापूर गेलं, नळदुर्ग गेलं. मला भीती वाटत होती की आपण एका म्हाताऱ्या माणसाची जुनी जखम उगीच उघडायला चाललोय, तीसुद्धा दुसऱ्या म्हाताऱ्याच्या समाधानासाठी. पण उतरायच्या वेळेला मामांनी माझा दंड घट्ट धरला आणि मग परत फिरू या असं म्हणणं मला जमलं नाही.

दोन खोल्यांचं पक्कं घर होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली शाळेची बक्षिसं. आजोबा अंगणात बाजेवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांच्या सुनेनं पाणी आणलं. कोण, कुठले, असं विचारणं झालं, तसे मामा उभे राहिले आणि त्यांनी ठाण्याचं नाव सांगितलं.

आजोबांचा हात शेंगांत थांबला. ते मामांच्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले,

"तितल्या एका पोलिसानं मला च्या पाजला हुता. तुमीच का ते?"

मी मामांकडं बघितलं. हो म्हणाले असते तर खोटं ठरवणारं आता कुणी नव्हतं.

"न्हाय," मामा म्हणाले. "तो दुसरा. कागद लिवणारा मी. अंगठा घेणारा."

सून पुढं झाली. "मग आता कशाला आलाव? आमच्या सासूबाई या एका गोष्टीपायी झुरून गेल्या. तवा कुठं होता तुमी?"

"थांब गं," आजोबा म्हणाले. "बोलू दे त्येंला."

मामांनी सगळं सांगितलं. दागिने कधी सापडले, कसे सापडले, कागद कुणी फाडला.

"कणगीत?" आजोबांनी विचारलं. "कोठीच्या खोलीतल्या?"

"व्हय."

"ती म्याच भरली हुती, त्या सालची." सुनेनं डोळ्याला पदर लावला. आजोबा म्हणाले, "हितं गावात मला 'सुटून आला' म्हंत्यात. सुटून आला म्हंजी काय? केलं, आन् सुटला. पोराची सोयरीक दोन ठिकाणी मोडली त्याच्यापायी."

मामांनी हात जोडले. "माझं चुकलं. मी माफी मागायला आलोय."

"माज्यापाशी बोलून काय उपेग? म्या घेतलं न्हाय हे मला ठावंच हाय की. तितं जाऊन सांगा. त्या गावात. नऊ वर्सं ऱ्हायलो मी तितं. त्येंच्या रानात हीर खांदली."

माफी केली असं ते म्हणाले नाहीत. चहा मात्र झाला. सुनेनं तिचा मोबाइल नंबर माझ्या मोबाइलमध्ये घातला.

पुढच्या रविवारी रिक्षा करून आम्ही त्या दुसऱ्या गावी गेलो. मालकाचं घर बंद होतं, मुलं पुण्याला. मामा म्हणाले, जिथं माणसं असतील तिथं ने. पिठाच्या गिरणीपुढं सात-आठ जण होते, तिथं नेलं. मामांनी काठी रोवली आणि पंचनामा वाचावा तसं खणखणीत आवाजात सांगितलं. स्वतःचं नाव, हुद्दा, सालगड्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव. त्यानं चोरी केली नव्हती. दागिने घरातच सापडले. आम्ही त्याला विनाकारण मारलं. पोरं ऐकून एकमेकांकडं बघत होती. कोण सालगडी, त्यातल्या एकानं हळूच विचारलं.

ज्वारीचा डबा घेऊन पायरीवर बसलेली एक म्हातारी मात्र म्हणाली,

"ते व्हय? समद्या गावाला ठावं हाय की ते. कणगीतच सापडलं हुतं. चांगला माणूस हुता, बिचारा."

मामांचा आवाज एकदम उतरला. "मग कुणी त्याला सांगितलं का न्हाय?"

"आमाला वाटलं, पोलिसानं सांगितलं आसंल," म्हातारी म्हणाली. "पोलिसाला वाटलं आसंल, मालकानं सांगितलं. जळकोटाला कोण जायलंय तवा?"

मामा तिथंच पायरीवर तिच्या शेजारी बसले. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली आणि पाणी आणून दिलं.

घरी आल्यावर मी जळकोटला फोन लावला. सुनेनं तो आजोबांच्या कानाला लावला. मी काय घडलं ते सांगितलं.

"समद्यांना ठावं हुतं?"

"हो."

"तवापासनं?"

"हो, आजोबा."

मला वाटलं, ही तर चोरीच्या आळापेक्षा वाईट बातमी आपण दिली. एवढी वर्षं ज्या गावाची लाज धरून हा माणूस तिकडं फिरकला नाही, त्या गावाच्या मनात त्याच्याबद्दल वाईट काही नव्हतंच, आणि तरी कुणी हाक मारली नव्हती. "बरं," ते म्हणाले आणि फोन सुनेकडं दिला.

महिन्याभरानं तिचाच फोन आला. आजोबा एके दिवशी सकाळीच तयार होऊन बसले आणि मुलाला म्हणाले, मला त्या गावाला घेऊन चल. मोटारसायकलवर गेले. गिरणीतल्या त्या म्हातारीनं ओळखलं, घरी नेलं, जेवायला वाढलं. शेजारची दोन-चार माणसं येऊन बसली. दुपारून ते विहिरीवर गेले, बराच वेळ काठावर बसले आणि संध्याकाळी परत आले.

"काय म्हणाले आल्यावर?" मी विचारलं.

"काय न्हाय ओ. हिरीवरली चिंच तोडलीय म्हणले. तेवढंच."

मी मामांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी पुढं वाकून ऐकलं.

"जेवला ना पर तो तितं?"

"जेवले."

"पोटभर?"

ते मी विचारलं नव्हतं. "विचारते," मी म्हणाले आणि पुन्हा जळकोटचा नंबर लावला.