पडद्यामागचे दोन स्क्रू

सांगलीच्या बाहेर बेदाण्याचे सौदे होतात त्या एका हॉलमध्ये मी झाडलोट करते. तिथे भिंतींवर सहा मोठे पडदे आहेत. कोणत्या लॉटची बोली चालू आहे ते त्यांवर दिसतं. पडदे चालवायला एक माजी सैनिक होते, वडूजकडचे. मी त्यांना भाऊ म्हणते. ते कॉम्प्युटरवर आधी पडद्याचा नंबर, मग दोन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा टाइप करत. हा हुकूम पहिल्या पडद्यात जायचा, तिथून वायरने दुसऱ्यात, असा सहाव्यापर्यंत. ज्याचा नंबर असेल तोच ऐकायचा. मी फरशी पुसत असले की भाऊ हे सगळं सांगायचे. मी चौथी शिकलेली, मला असं कोणी समजावून सांगत नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

खंडेनवमीला हमालांनी आपले हुक पुजले, तोलणाऱ्यांनी काटा पुजला. भाऊ गावी गेले होते, त्यामुळे पडद्यांना कोणी फूलही वाहिलं नाही. मला ते बरं वाटलं नाही. सगळे जेवायला गेल्यावर मी शिडी लावून एकेका पडद्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. पहिल्या पडद्यामागे माळेचा दोरा दुसऱ्या पडद्याकडे जाणाऱ्या वायरीत अडकला. ओढला तर वायरीचं टोक निसटून हातात आलं. मी ते परत खोचलं. त्याचे बाजूचे दोन स्क्रू पिळावे लागतात हे मला माहीत होतं, भाऊंना पिळताना बघितलं होतं. पण बाहेर पावलं वाजली आणि शिडीवर कोणी बघेल याची लाज वाटली. मी तशीच उतरले.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या सौद्याला पहिला पडदा नीट चालला. बाकीचे कधी ऐकायचे, कधी नाही. तिसऱ्यावर जुनाच लॉट राहिला, व्यापाऱ्यांनी त्याच लॉटवर बोली लावली आणि भांडण झालं. भाऊ ओठ हलवत पुन्हा पुन्हा एकेक अक्षर टाइप करत होते. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, "फौजी, डोळे तपासून घ्या आता. तीनच्या जागी आठ दाबताय तुमी."

लोक हसले. भाऊंनी चष्मा काढून पुसला. "व्हय साहेब, चुकलं आसंल."

मी दाराशी फडकं घेऊन उभी होते. खाली बसून पुसलेलीच फरशी पुन्हा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी ते स्क्रू पिळले. वाटलं, आता पडदे भाऊंचं ऐकतील आणि मला काही सांगावं लागणार नाही. पण मॅनेजरांनी त्या दिवशी ऑफिसातल्या मुलीला कॉम्प्युटरवर बसवलं. तिने टाइप केलं आणि सहाही पडदे लगेच चालू झाले. मॅनेजर म्हणाले, बघा, मशीनला काहीच झालं नव्हतं. भाऊंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. स्क्रू मी पिळले नसते तर त्या मुलीचंही चुकलं असतं, आणि कोणीतरी वायर बघितली असती.

आता भाऊ गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहितात. परवा त्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि समोरच्या टेम्पोचा नंबर नीट उतरलाय का बघायला सांगितलं.

"माजा माज्यावर इस्वास न्हाई राहिला, ताई."

मी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. सगळे बरोबर होते.

"बरोबर हाय, भाऊ."

सौद्याच्या त्या दिवशीही तुमचं बरोबरच होतं, एवढंच पुढे म्हणायचं होतं. ते मी म्हटलं नाही. आता ते रोज मला वही दाखवतात, आणि मी रोज बरोबर हाय म्हणून आत झाडायला जाते.